लाटेवरची फळी : तिचे घनफळ आणि तिचा घाट

भिलईच्या कारखान्यात लाटलेल्या पोलादी प्लेटचा एखादा तुकडा मरोद्याच्या जलाशयात टाकला, तर तो क्षणात तळाशी जातो. पोलाद पाण्याच्या जवळजवळ पावणेआठपट जड असते. तेव्हा यात नवल काहीच नाही. परंतु याच कारखान्याचे पोलाद समुद्रावर तरंगतही असते. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजासाठी जे विशेष पोलाद लागले, ते भिलई, राउरकेला आणि बोकारो येथील कारखान्यांनी पुरविले. हे जहाज २६२ मीटर लांब असून ते सुमारे ४५,००० टन पाणी बाजूस सारून त्या जागी उभे राहते. तुकडा बुडतो आणि जहाज तरंगते, हा फरक धातूचा नव्हे. त्या धातूने किती जागा वेढली आणि त्या जागेला कोणता घाट दिला, याचा तो फरक होय.

एवढ्या प्रचंड जहाजाला लागू पडणारा हा विचार माणसाच्या उंचीएवढ्या एका फळीलाही लागू पडतो. समुद्राच्या फुटत्या लाटेवर उभे राहून किनाऱ्याकडे घसरत येण्यासाठी जी फळी वापरतात, तिला सर्फबोर्ड म्हणतात. पूर्वी हा खेळ पॅसिफिक महासागरातील बेटांचा समजला जात असे. आज भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर तो खेळला जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये तामिळनाडूतील महाबलीपुरम येथे आशियाई स्पर्धा भरली, तीत रमेश बुडिहाळ यांनी कांस्यपदक मिळविले. अशी बातमी वाचून एखादा उत्साही तरुण समुद्रकाठी जातो आणि विजेत्याच्या हाती पाहिलेल्या फळीसारखीच लहान, पातळ, टोकदार फळी मागतो. ती घेऊन तो पाण्यात उतरतो, अर्ध्या तासात त्याचे खांदे भरून येतात, एकही लाट त्याच्या हाती लागत नाही, आणि परतण्याचे बळ मात्र उरलेले नसते. त्याची चूक धैर्याची नसते, हिशेबाची असते. तो हिशेब काय आहे, ते येथे पाहू.

फळी किती भार उचलते?

कोणताही पदार्थ पाण्यात असता त्याने जेवढे पाणी बाजूस सारले असेल, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके बळ त्याला वर ढकलीत असते. आर्किमिडीजचा हा नियम शाळेतील प्रत्येक मुलाने शिकलेला असतो. समुद्राच्या एक लिटर पाण्याचे वजन सुमारे १.०२५ किलोग्रॅम भरते. म्हणून फळीचे घनफळ जितके लिटर, साधारण तितके किलोग्रॅम ती पूर्ण बुडाली असता उचलून धरते. त्यातून तिचे स्वतःचे वजन वजा केले, म्हणजे स्वाराच्या वाट्याला किती आले ते कळते.

समजा, स्वाराचे वजन ७० किलोग्रॅम आहे आणि फळीचे ३ किलोग्रॅम. दोघांना मिळून तरंगावयाचे तर ७३ किलोग्रॅम पाणी, म्हणजे सुमारे ७१ लिटर, बाजूस सारले पाहिजे. फळीचे घनफळ ३५ लिटर असेल तर उरलेले ३६ लिटर कोणी सारावयाचे? अर्थातच स्वाराच्या शरीराने. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या जवळपास असल्याने, याचा अर्थ असा होतो की त्याचे निम्मे अंग पाण्यात बुडालेले राहील. आता त्याच माणसाला ७५ लिटरांची, ७ किलोग्रॅम वजनाची फळी द्यावी. एकूण भार ७७ किलोग्रॅम, लागणारे पाणी सुमारे ७५ लिटर. फळी काठोकाठ बुडेल, परंतु तिच्यावर पालथा पडलेला माणूस जवळजवळ कोरडा राहील.

हीच फळी मरोद्याच्या गोड्या पाण्यात आणली तर तेथे एक लिटर पाण्याचे वजन एकच किलोग्रॅम असल्याने तिची उचल सुमारे दोन किलोग्रॅमनी घटेल. समुद्रात जिच्यावर कोरडे राहता येते, तिच्यावर तळ्यात अंग थोडे अधिक ओले होईल.

फळीचे घनफळ केवळ लांबी, रुंदी आणि जाडी यांचा गुणाकार करून मिळत नाही. १८० सेंटिमीटर लांब, ५० सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर जाड अशी पेटी ५४ लिटरांची होईल. पण फळी दोन्ही टोकांस निमुळती आणि कडांना पातळ असते. त्यामुळे एवढ्याच मापांच्या फळीचे घनफळ सुमारे ३० लिटर भरते. पूर्वी कारागीर हा अंदाज हाताने आणि नजरेने करीत. आता फळीची आकृती संगणकावर आखली जाते आणि लिटरांचा आकडा आधीच कळतो.

हात मारण्याचे कष्ट

लाटेवर उभे राहिलेल्या स्वाराचे चित्र डोळ्यांपुढे असल्यामुळे या खेळात मुख्य काम उभे राहण्याचे, असा समज होतो. वस्तुस्थिती उलट आहे. स्पर्धेतील स्वारांच्या हालचालींची वेळ मोजून पाहिली असता, त्यांचा सुमारे निम्मा वेळ फळीवर पालथे पडून हात मारण्यात जातो आणि प्रत्यक्ष लाटेवर असण्याचा वेळ शेकडा दहाहूनही कमी भरतो, असे आढळले आहे. फळीची पहिली परीक्षा म्हणूनच हात मारताना होते.

पुढे सरकणाऱ्या फळीला पाणी दोन प्रकारांनी अडविते. पहिला विरोध घर्षणाचा. जेवढा पृष्ठभाग पाण्याला लागेल, तेवढा तो वाढतो. आणि निम्मे अंग बुडालेले असेल तर फळीबरोबर छाती, पोट व मांड्याही पाणी ओढीत नेतात. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग शेकडा दहाने वाढवावयाचा तर खांद्यांना सुमारे शेकडा तेहतीस अधिक शक्ती पुरवावी लागते.

दुसरा विरोध फळीने स्वतःच उठविलेल्या लाटेचा. शिवनाथ नदीत केवट डोंगा हाकीत असता डोंग्याच्या टोकाशी पाण्याची एक वरवंडी उठते आणि ती डोंग्याबरोबर चालते, हे काठावरून सहज दिसते. वेग वाढू लागला की या लाटेची लांबी वाढते. ती डोंग्याच्या लांबीएवढी होऊन त्याहून वाढू लागली म्हणजे त्याचे नाक एका उंचवट्यावर आणि बूड मागच्या खळग्यात, अशी स्थिती होते. मग जणू तो आपल्याच लाटेचा चढ चढू लागतो. यापुढे कितीही जोर लावला तरी वेग फारसा वाढत नाही. ही मर्यादा लांबीवर अवलंबून असते. पाण्यातील लांबी मीटरांत घेऊन तिच्या वर्गमुळास सव्वाने गुणले, म्हणजे ती दर सेकंदाला किती मीटर ते निघते. १.८ मीटरच्या फळीस ती सुमारे १.७ मीटर, तर २.७५ मीटरच्या फळीस सुमारे २.१ मीटर इतकी येते.

हा फरक किरकोळ वाटेल. परंतु लाट पकडताना तोच निर्णायक ठरतो. किनाऱ्याजवळ येणारी लाट उथळ पाण्यात संथ होते आणि तिची उंची पाण्याच्या खोलीच्या सुमारे पाऊण पटीहून थोडी अधिक झाली की ती फुटते. एक मीटर उंचीची लाट म्हणजे सुमारे १.३ मीटर खोलीवर फुटणार. तेथे तिचा वेग सेकंदाला सुमारे ३.६ मीटर असतो. एवढ्या वेगाने हात मारणे कोणालाही शक्य नाही. उरलेला वेग लाटेच्या उतारावरून घसरून मिळवावा लागतो. लांब आणि पुरेशा घनफळाच्या फळीवरील स्वार आधीच अधिक वेगात असल्याने त्याला थोडा उतार पुरतो. लाट फुटण्यापूर्वीच तो तिच्यावर बसतो. लहान फळीवरील स्वाराला लाट उभी होईपर्यंत थांबावे लागते, आणि मग उभे राहण्यास त्याच्याजवळ क्षणभराचाच अवकाश असतो.

लाट उचलून धरते तेव्हा

येथवरचा हिशेब पाहता लहान फळी कोणी घ्यावीच का, असा प्रश्न पडेल. ७० किलोग्रॅम वजनाचा निष्णात स्वार बहुधा २५ ते २८ लिटरांची फळी वापरतो. स्थिर पाण्यात तो तिच्यावर उभा राहिला तर फळी त्याच्यासह खाली जाईल. तरीही लाटेवर ती त्याला लीलया वाहून नेते. याचे कारण असे की, वेग आल्यावर फळी केवळ आर्किमिडीजच्या नियमावर तरंगत नाही. तिचे नाक किंचित उचललेले असते आणि तळाखाली येणारे पाणी ती सतत खाली ढकलीत असते; न्यूटनच्या नियमाप्रमाणे पाणी तिला वर ढकलते. ही उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की तेवढाच तळ चौपट भार पेलतो. मग फळीचा बराचसा भाग पाण्यातून बाहेर येतो, घर्षण घटते आणि ती पाण्यात चालण्याऐवजी पाण्यावरून घसरू लागते.

‘विक्रांत’ला हे कधीच साधावयाचे नसते. त्याच्या लांबीवरून निघणारी वेगमर्यादा सेकंदाला सुमारे २० मीटर येते आणि त्याचा सर्वाधिक वेग २८ सागरी मैल, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेचौदा मीटर आहे. ते आयुष्यभर आर्किमिडीजच्याच राज्यात राहते. लाटेवरच्या फळीला मात्र एकाच फेरीत दोन्ही राज्यांतून जावे लागते : जाताना तिने होडी व्हावे आणि येताना घसरफळी. पहिल्या कामाला घनफळ आणि लांबी हवी; दुसऱ्या कामात वळणे घ्यावयाची असल्याने तेच अडचण होते. फळी बनविणाऱ्याची सारी कसोटी या तडजोडीत आहे.

तेवढेच लिटर, निराळा घाट

दोन फळ्यांवर एकच आकडा असला तरी त्या सारख्या वागतील असे नाही. ४० लिटरांची एक फळी लांब आणि पातळ असू शकते, दुसरी आखूड, रुंद आणि जाड. पहिली हात मारताना सरळ व वेगाने जाते. दुसरी लाटेवर चटकन वळते.

रुंदीचा परिणाम मुख्यतः स्थैर्यावर होतो. तरंगणारी वस्तू कलली असता तिला परत सरळ करणारा जोर रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ५० सेंटिमीटरऐवजी ५५ सेंटिमीटर रुंदी ठेवली की तो सुमारे एकतृतीयांशाने वाढतो. कोकणातील होडीला बाजूस जी उलांडी बांधतात, तिचे मर्म हेच आहे. उलांडीच्या ओंडक्याचे घनफळ होडीच्या मानाने अल्प. पण तो मध्यरेषेपासून दूर असल्यामुळे अरुंद होडीला तो उलटू देत नाही. घनफळ किती याबरोबरच ते कोठे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. फळीच्या बाबतीत छातीखाली घनफळ अधिक असले की हात मारणे सोपे जाते. स्वार फार मागे सरकला तर नाक वर उठते आणि फळी नांगरासारखी पाणी फाडीत चालते. फार पुढे सरकला तर नाक पाण्यात घुसते.

लांबीच्या दिशेने फळीला जो बाक असतो, त्याचेही असेच दुहेरी फळ आहे. सपाट तळाची फळी हात मारताना वेगवान असते. बाकदार फळी उभ्या लाटेवरून उतरताना नाक खुपसत नाही आणि लहान वर्तुळात वळते. परंतु हात मारताना ती पाणी पुढे ढकलीत राहते.

कडांचे कार्य समजण्यास घरातील नळ आणि चमचा पुरेसा आहे. चमच्याचे टोक दोन बोटांत सैल धरून त्याची फुगीर पाठ नळाच्या धारेला हळूच लावावी. धार चमच्याला दूर लोटील असे वाटते; प्रत्यक्षात चमचा धारेत ओढला जातो. गोल पृष्ठभागाला पाणी चिकटून वळते आणि पृष्ठभागाला आपल्याकडे ओढते. फळीच्या गोल कडा अशाच लाटेला धरून ठेवतात. शेपटाकडे मात्र पाणी लवकर सुटावे म्हणून कडा धारदार ठेवतात. तळाशी बसविलेले पर फळीला आडवे घसरू देत नाहीत आणि वळताना तिला आधार देतात.

ओंडक्यापासून फेसापर्यंत

हे ज्ञान समीकरणांच्या आधी हातांनी मिळविलेले आहे. कॅप्टन कुकच्या मोहिमेतील लेफ्टनंट जेम्स किंग याने १७७९ साली हवाई बेटांवर लोकांना फळ्यांवरून लाटांवर स्वार होताना पाहिले. तेथे ‘अलाया’ नावाची पातळ फळी आणि ‘ओलो’ नावाची फार लांब, जाड फळी, असे प्रकार होते. ओलोसाठी विलीविली या झाडाचे हलके लाकूड वापरीत. आपल्याकडील पांगारा याच वृक्षाचा सजातीय होय.

भारताच्या पूर्व किनाऱ्यावर हलक्या लाकडाचे ओंडके दोराने बांधून केलेला तराफा पिढ्यान्‌पिढ्या फुटत्या लाटांतून बाहेर काढला जात असे. तमिळमधील ‘कट्टुमरम्’, म्हणजे बांधलेले लाकूड, या शब्दावरूनच ‘कॅटामरान’ हे नाव जगभर गेले. दुर्गहून पुरीस जाणाऱ्या गाडीने भिलईचे अनेक यात्रेकरू जातात. त्यांना समुद्रस्नानाच्या वेळी सांभाळणारे नुलिया याच परंपरेतील कोळी आहेत. त्यांचा तराफा किनाऱ्याला लागला की दोर सोडून ओंडके वाळत ठेवीत. त्यामागचे कारण उघड आहे : लाकडाने पाणी शोषले की त्याचे घनफळ तेच राहते, वजन वाढते आणि उचल घटते.

हीच अडचण दूर करण्यासाठी अमेरिकेतील टॉम ब्लेक याने लाकडी फळी आतून पोकळ केली. १९३२ साली त्याला तिचे पेटंट मिळाले, आणि १९३५ साली त्याने फळीला पर लावला. दुसऱ्या महायुद्धानंतर बॉब सिमन्स याने वेगवान बोटींच्या तळांविषयीचे शास्त्र फळ्यांना लावून पाहिले. हलक्या बाल्सा लाकडावर काचतंतूंचे कवच चढविण्याची रीत त्याच काळात रुळली. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पॉलियुरेथेनचा घट्ट फेस लाकडाच्या जागी आला. त्यामुळे घनफळ आणि वजन यांची जुनी गाठ सुटली आणि कारागिराला हवा तो घाट देता येऊ लागला. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फळ्या झपाट्याने आखूड झाल्या. १९८१ साली ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसन याने तीन परांच्या फळीवर मोठ्या स्पर्धा जिंकल्या, आणि ती मांडणी आजही सर्वाधिक प्रचारात आहे.

निवड करताना

आता त्या उत्साही तरुणाकडे वळू. निष्णात स्वाराच्या बाबतीत फळीचे लिटर हे त्याच्या किलोग्रॅमांच्या साधारण शेकडा ३५ ते ४० असतात. नवशिक्याला ते जवळजवळ वजनाइतके, किंवा त्याहून अधिक असावे लागतात. मधला प्रवास वर्षांचा आहे. दर ऋतूत थोडे थोडे लिटर कमी करीत तो करता येतो. एकदम उडी घेऊन नव्हे.

मोठ्या फळीलाही तिचे दोष आहेत. येणाऱ्या फुटत्या लाटेखालून जाण्यासाठी निष्णात स्वार फळी पाण्याखाली दाबतो. २८ लिटरांची फळी दाबण्यास सुमारे २६ किलोग्रॅमचा भार पुरतो. ७५ लिटरांची दाबावयाची तर सुमारे ७० किलोग्रॅम, म्हणजे स्वाराचे सारे वजन लागेल. ते शक्य नसल्याने लाट ती फळी हातातून हिसकावून घेते आणि मागच्या माणसाला तिचा मार बसू शकतो. म्हणून मोठ्या फळीवरील नवशिक्याने कमरेएवढ्या पाण्यातील फुटून गेलेल्या, फेसाळ लाटांवरच सराव करावा, फळीचा दोर पायास बांधावा आणि पुढेमागे कोणी नाही हे पाहावे.

याहून गंभीर प्रसंग ओढीचा. किनाऱ्यावर आलेले पाणी काही ठिकाणी अरुंद प्रवाहाने खोल समुद्राकडे परत जाते आणि पोहणाऱ्याला आत नेते. अशा वेळी थेट किनाऱ्याकडे झगडू नये. किनाऱ्याला समांतर जाऊन प्रवाहाबाहेर पडावे. पुरेशा घनफळाच्या फळीवर हे निवांतपणे करता येते. प्रसंगी हात थांबवून विश्रांतीही घेता येते. निम्मे अंग बुडविणाऱ्या फळीवर ती सवड नसते. तेथे वीस-पंचवीस लिटरांचा फरक हा खेळातील सोयीचा राहत नाही, जीव वाचण्याचा होतो.

या निवडीसाठी समुद्रापर्यंत जाण्याचीही गरज नाही. भिलईसारख्या समुद्रापासून दूरच्या गावातही, पोहण्याच्या तलावात शिक्षकाच्या देखरेखीखाली, फळीवर पालथे पडून पाहावे. छाती पाण्याच्या वर राहते का, नाक पाण्याच्या किंचित वर आणि शेपूट पाण्याशी समतल आहे का, आणि दहा मिनिटे हात मारल्यावर श्वास शाबूत आहे का, एवढे पाहिले म्हणजे पुरे. गोड्या पाण्यात जी फळी एवढे करील, ती खाऱ्या पाण्यात थोडा अधिकच भार उचलील.